गीलचा प्वाँ

गील बेसेम्स आयुष्यात कधी चुकला नाही. हे मी म्हणत नाही, गील म्हणतो. माझं केस कापायचं दुकान त्याच्या घराच्या बरोबर समोर, मास्ट्रिख्तच्या वाइक भागात, मास नदीच्या स्टेशनाकडच्या अंगाला. जन्मभर मी बायकांची डोकी हातात धरून काचेतून गीलकडे बघत आले, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला त्याच्या बायकोच्या खालोखाल आहे.

धंद्याने तो प्लंबर. त्याने जोडलेल्या नळातून गरमऐवजी गार पाणी आलं तर चूक नळाची. जर्मनीतल्या आखेनला निघून बेल्जियमच्या लीएजला पोचला तर चूक पाट्या लावणाऱ्यांची. पत्त्यांत हरला तर बाकीच्या तिघांना खेळता येत नाही म्हणून. एकदा भाचीच्या लग्नाला तो आठवडाभर आधीच सूट चढवून गेला, चर्चच्या पायऱ्यांवर तासभर ताटकळला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला की या पोरीला वेळेचं भान म्हणून नाही. बायकोचं नाव फीन. ती त्याच्याशी वाद घालत बसत नाही. "हो रे गील," म्हणते आणि आपल्याला करायचं ते करते. त्यांचा संसार इतकी वर्षं टिकला तो या तीन शब्दांवर.

तर हा गील आमच्या बँडमध्ये ट्युबा वाजवायचा. ट्युबा म्हणजे ते पितळेचं धूड, ज्याच्या मागे वाजवणाऱ्याचं फक्त कपाळ दिसतं. आमचा बँड झिंगलेल्यांचा. हिवाळ्याच्या शेवटी, कार्निव्हलच्या तीन दिवसांत, मास्ट्रिख्तमध्ये गल्लीगल्लीतून असे बँड निघतात, आणि ज्याला वाजवता येतं त्याला त्यात सहसा घेत नाहीत. रीतसर शिकलेला कोणी आमच्याकडे आलाच, तर लोवी त्याला झेंडा धरायला देतो. लोवी घोड्याच्या मटणाचा खाटीक आणि आमचा म्होरक्या. क्लॅरिनेट तो अशी वाजवतो की ज्या जनावरांचं तो मटण विकतो, त्यांना सूड घेतल्याचं समाधान मिळावं. माझ्याकडे मोठा ढोल. तो मी लेकीच्या जुन्या बाबागाडीवर ठेवून ढकलते. तालमी गीलच्या वर्कशॉपमध्ये होत, म्हणून बँडचं नाव 'गळका नळ'.

आमची एक जुनी चाल आहे, चौकात शिरताना तीच वाजते. त्यात एका जागी सगळ्यांनी थांबायचं आणि मग ट्युबाने एकट्याने एक सूर लावायचा. गील तो सूर सगळे थांबायच्या आधीच लावायचा. एक ठोका आधी, आणि जीव खाऊन. प्वाँ. पहिल्या वर्षी फ्रायथोफ चौकात हे झालं तेव्हा लोक इतके हसले की सेंट सर्व्हास चर्चच्या धर्मगुरूंच्या हातातली बिअर सांडली. दुसऱ्या वर्षी लोक त्याची वाट पाहत होते. पुढे पुढे तर बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरं ती जागा यायच्या आधीपासून तोंड उघडून बसायची. वाइकमध्ये एखादा पाहुणा बटाटे उकडायच्या आत दारात हजर झाला तर अजूनही म्हणतात, हा प्वाँ करून आला.

सगळ्या गावाला वाटायचं, गील हे मुद्दाम करतो. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मग एकदा तालीम संपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं.

"नेटा, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पण त्या जागी तुम्ही सगळे उशिरा येता. मी बोलत नाही, उगाच कशाला कोणाला दुखवा. पण लोक हसतात तुम्हाला."

मी लोवीकडे पाहिलं, लोवीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून आम्ही तोंडं शिवली. तीसएक वर्षं. आमच्या गावात हे असंच असतं. माणसाच्या तोंडावर खरं बोलणं हे नद्यांपलीकडच्या, वरच्या हॉलंडवाल्यांचं काम. आमच्याकडे त्याला बिनवळणी म्हणतात. शिवाय फायदा सगळ्यांचाच होता. क्लॅरिनेटवाले त्याच्या प्वाँवर श्वास घेत, मी त्याच्या प्वाँवर ढोल आवरत असे, आणि गीलला वर्षातले तीन दिवस उदार वाटायचं.

मग गीलच्या लेकीने लग्न केलं ते नेमकं नद्यांपलीकडे, रोटरडॅमच्या मुलाशी. रूलोफ त्याचं नाव. मुलगा चांगला आहे, माझी तक्रार नाही. भांडी घासतो, बायकोला मान देतो. पण जे मनात येतं ते वाटेत कुठेही न थांबता जिभेवर येतं.

गील पासष्टचा झाला त्या सप्टेंबरात आम्ही सगळे त्याच्याकडे आलुबुखारची व्लाय, म्हणजे आमच्याकडचा गोल टार्ट, खायला जमलो होतो. गीलने वर्कशॉप पुतण्याला दिलं होतं आणि आता काय करायचं यावर तो भाषण देत होता. तेवढ्यात रूलोफ कौतुकाने म्हणाला, "बाबा, एक विचारायचं राहूनच गेलं. ते मुद्दाम लवकर वाजवायला फार सराव लागत असेल ना? मी माझ्या मित्रांनाही दाखवलं."

"काय लवकर?" गीलने विचारलं.

टेबलाभोवती सगळ्यांना एकदम आपापल्या बशीतली व्लाय फार बघण्यासारखी वाटायला लागली. लोवी खोकला. फीनने कॉफी आधीच भरलेल्या कपात आणखी ओतली. लेकीने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली, ती मला लागली. पण रोटरडॅमच्या माणसाला शांतता ऐकू येत नाही. त्याने खिशातून फोन काढला, गेल्या कार्निव्हलचं चित्रण शोधलं आणि सासऱ्यापुढे धरलं.

गीलने ते पाहिलं. परत लाव म्हणाला. रूलोफने परत लावलं. चौकभर लोक हसताना दिसत होते, आणि बँड तालात होता, म्हणजे आमच्या मानाने. एकटा ट्युबा एक ठोका आधी. गील उठला, चष्मा पुसला, बसला. म्हणाला, "व्लाय चांगली झालीय." दुसऱ्याने केलेल्या गोष्टीला चांगलं म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

त्यानंतर गील दर रविवारी सकाळी बस धरून बेल्जियममध्ये टोंगरेनला जायला लागला. म्हणे, तिथल्या जुन्या बाजारात फिरायला. ट्युबा सोबत. म्हणे, कोणी घेतंय का बघतो. दर रविवारी ट्युबा तर परत येईच, वर आणखी एक जुना दिवा येई. एक पितळी बगळा, एक काचेचा अननस, एक रडणारी परी जिच्या डोळ्यांतून बल्ब बाहेर यायचा. फीन माझ्याकडे केस धुवायला आली की म्हणायची, दुसरी बाई असती तर एवढे दिवे नसते आणले, निदान एखादा तिला दिला असता.

खरी गोष्ट आम्हाला अकरा नोव्हेंबरला कळली. त्या दिवशी कार्निव्हलचा मोसम सुरू होतो आणि आमची पहिली तालीम असते. आम्ही चाल सुरू केली, ती जागा आली, मी टिपरू उचलून गीलच्या प्वाँची वाट पाहिली. तो आला नाही. लोवीने त्या प्वाँवर घ्यायचा श्वास घेतलाच नाही आणि तो जांभळा पडला. मी ढोल आवरला नाही. झेंडेवाला झेंडा खाली घेऊन बसला. आणि त्या सगळ्या पडझडीनंतर, अगदी जिथे यायला हवा तिथे, एक गोल, स्वच्छ, मंद सूर आला. गीलचा. टोंगरेनमधल्या एका म्हाताऱ्या लष्करी बँडवाल्याने त्याला आठवड्यामागून आठवडे फक्त ते एक कडवं वाजवायला लावलं होतं.

आम्ही पुन्हा सुरू केलं, पुन्हा कोसळलो.

लोवीने नाताळपर्यंत धीर धरला. रोज दुकान उघडायच्या आधी नदीपलीकडच्या चर्चमध्ये जाऊन त्याने सागरतारा मेरीमाउलीपुढे मेणबत्ती लावली की गीलला पुन्हा चुकायची बुद्धी दे. माउलीने लक्ष दिलं नाही. मग एका संध्याकाळी तो किलोभर व्हिनेगरात मुरवलेलं आंबट मटण घेऊन गीलकडे गेला आणि आधार म्हणून मला घेऊन गेला. बैठकीच्या खोलीत पेटलेले इतके दिवे होते की मला केस सुकवायच्या यंत्राखाली बसल्यासारखं झालं. लोवीने हवापाण्यापासून सुरुवात केली, घोड्यांवर आला, स्पर्धेवर आला. कार्निव्हलच्या मंगळवारी चौकात बँडांची स्पर्धा असते, लांबून लोक येतात, वगैरे. शेवटी म्हणाला की जरा पूर्वीसारखं वाजवता येईल का.

"म्हणजे चुकीचं," गील म्हणाला.

लोवी मटणाकडे बघत म्हणाला की अगदी चुकीचं असं नाही.

"तीस वर्षं लोक मला हसत होते. आणि मी समजत होतो, तुम्हाला हसतात." गील माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं, नेटा?"

मी म्हटलं, "वाइकमधल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं. लोक तुझी वाट बघतात रे, गाढवा."

"विदूषकाचीही बघतात," गील म्हणाला. मग त्याने सांगितलं की आता त्याला चुकताच येत नाही, आणि आलं असतं तरी तो चुकला नसता, आणि मंगळवारी तो येणार नाही. हे तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. गील चिडला की त्याला समजावता येतं. तो मान खाली घालून बोलला, आणि मला त्या रोटरडॅमच्या पोराचा गळा दाबावासा वाटला.

मोसम पुढे सरकला. गीलच्या नावाने बातम्या उठल्या. कोणी म्हणे तो कार्निव्हलमध्ये ऑस्ट्रियाला स्कीइंगला जाणार. आमच्याकडे एखाद्याबद्दल यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. फीन मात्र नेहमीसारखी पोशाख शिवत होती. यंदा आम्ही कोंबड्या होणार होतो, लोवी कोंबडा, आणि ट्युबाचं व्हायचं होतं घरटं. फीनने ट्युबाभोवती गवत गुंडाळलं, तोंडाशी कागदाची अंडी बसवली. गील विचारायचा, हे कोणासाठी. ती म्हणायची, "हो रे गील."

रविवारी तोफा उडाल्या, चौकातल्या खांबावर कार्निव्हलची खूण म्हणून भाजीवालीची मोठी बाहुली चढली, आणि गावाने आपापली अक्कल घरी ठेवली. गील दोन दिवस कोट घालून खिडकीत बसला. राखाडी, बटणांचा, कामावर लावायचा कोट. समोरून जाणाऱ्या बायका त्याला बघून छातीवर क्रूस काढायच्या, त्यांना वाटायचं घरात कोणी गेलं.

मंगळवारी सकाळी फीन माझ्या दारात आली. कोंबडीच्या पोशाखात, आणि कवेत ते घरटं. ते तिने माझ्या बाबागाडीवर ढोलाच्या शेजारी ठेवलं.

"राहू दे गाडीवर," ती म्हणाली.

"आणि तो?"

"येतोय. म्हणे, बघायचंय तुम्ही बरोबर वाजवता का."

फ्रायथोफवर पाय ठेवायला जागा नव्हती. पोपट होते, नन होत्या, एक चालतं पाणचक्कीचं घर होतं, आणि त्या सगळ्या रंगांत कडेला एकच राखाडी कोट. गीलच्या शेजारी मिशा रंगवलेली एक म्हातारी मांजर उभी होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली की फार छान जमलंय, इन्कमटॅक्सवालेच ना? तिथे काय झालं ते मला फीनने सांगितलं, फीन त्याच्या मागेच उभी होती, आणि ती पदरचं काही घालत नाही.

आमची पाळी आली. आम्ही ठरवलं होतं की त्या जागी फक्त थांबायचं, मनात मोजायचं, आणि पुढे जायचं. म्हणजे घरात माणूस गेल्यावर जेवायच्या टेबलाशी त्याची खुर्ची ठेवतात तसं. लोवीने इशारा केला, आम्ही वाजवत आत शिरलो. ती जागा जवळ आली. मी टिपरू उचललं.

आणि आम्ही थांबायच्या आधी, एक ठोका आधी, चौक म्हणाला, प्वाँ.

कोणी ठरवलं नव्हतं. पोपट म्हणाले, नन म्हणाल्या, खांद्यावरची पोरं म्हणाली, बंदोबस्ताचा पोलीस म्हणाला. परीक्षकांच्या टेबलावरून दोन आवाज आले. हजारो तोंडांनी गीलची ती चूक गीलच्या जागी, गीलच्या ताकदीने केली, आणि मग सगळा चौक गप्प होऊन आमच्याकडे बघायला लागला. लोवीच्या तोंडातली क्लॅरिनेट गळून पडली. मी ढोल वाजवायचा विसरले. मला रडू येत होतं आणि चोच असल्यामुळे नाक पुसता येत नव्हतं.

राखाडी कोटाचा चेहरा आधी लाल झाला. त्याला वाटलं, त्याची टर उडवतायत. तेवढ्यात ती मांजर त्याला म्हणाली, "दरवर्षी इथे एक ट्युबावाला असतो हो. यंदा दिसत नाही. आमचे हे गेले त्या वर्षी मी येणार नव्हते, पण त्याचा प्वाँ ऐकायला म्हणून आले. बरा असेल ना तो?"

गीलने तिच्या रंगवलेल्या मिशांकडे पाहिलं.

"बरा आहे," तो म्हणाला. "जरा चुकला होता."

फीन सांगते, चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला, आणि तोही एका मांजरीसमोर, तिच्यासमोर नाही.

मग तो लोकांना ढकलत आला. वाटेत कोणीतरी ओळखलं, आरडाओरडा सुरू झाला, लोकांनी वाट करून दिली. माझ्या बाबागाडीपाशी येऊन त्याने घरटं उचललं, त्यातली दोन अंडी माझ्या पायावर पडली. डोळे पुसत तो लोवीला म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून घे, लोकांना त्यांचा प्वाँ देतो. लोवीने आपली तुरेवाली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. कोंबड्याचा तुरा आणि त्याखाली बटणं लावलेला राखाडी कोट, असा गील ट्युबाच्या मागे उभा राहिला.

आम्ही पुन्हा सुरू केलं. त्याने मनापासून चुकायचा प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगते. मी त्याच्या शेजारी होते. त्या जागेच्या आधी त्याचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, मान लाल झाली. पण त्या टोंगरेनच्या म्हाताऱ्याने त्याच्या अंगात ताल असा ठोकून बसवला होता की तो निघेना. चौकाने आपला प्वाँ केला, एक ठोका आधी. आम्ही सगळे थांबलो. आणि मग त्या शांततेत, अगदी जिथे हवा तिथे, गीलचा गोल, स्वच्छ, मंद सूर आला. आधी हजारोंचा चुकलेला आणि त्याच्यामागून एकट्याचा बरोबर. लोक इतके हसले की ते पाणचक्कीचं घर आडवं झालं.

स्पर्धेत बँडला काही मिळालं नाही. उत्तम वेशभूषेचं बक्षीस मात्र इन्कमटॅक्सच्या कोंबड्याला मिळालं. त्या बक्षिसाचा बिल्ला गील अजून कोटाला लावतो.

आता दरवर्षी हे असंच होतं. चौक लवकर येतो, गील वेळेवर येतो. रूलोफ मित्रांना घेऊन येतो आणि सगळ्यात मोठ्याने प्वाँ करतो. परवा तालीम संपल्यावर गीलने मला पुन्हा बाजूला घेतलं.

"नेटा, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पण त्या जागी आख्खं मास्ट्रिख्त चुकतं. एकटा मी बरोबर असतो. मी बोलत नाही, उगाच कशाला कोणाला दुखवा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की या खेपेला त्याचं म्हणणं अक्षरशः खरं आहे.

"हो रे गील," मी म्हणाले.